तार ग्राहकाची, किल्ली कंपनीची

डिस्क प्लेअर टीव्ही संचाला कसा जोडावा हा प्रश्न वैचारिक चर्चेच्या पानावर यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. एक तार, तिला दोन टोके; एक टोक या यंत्रात, दुसरे त्या यंत्रात; एवढाच तर मामला! तथापि शिबिरात, वाचनालयात किंवा शाळेच्या सभागृहात एखादा माहितीपट दाखविण्याचा खटाटोप ज्या कार्यकर्त्यांनी केला असेल, त्यांना हा मामला इतका सरळ राहिलेला नाही हे अनुभवाने ठाऊक आहे. तार नीट बसते, दोन्ही यंत्रांचे दिवे लागतात, तबकडी फिरू लागल्याची घरघर ऐकू येते आणि पडदा मात्र काळाच राहतो. जमलेली मंडळी चुळबुळ करू लागतात. कोणी तार काढून पुन्हा खोचतो, कोणी नवी तार आणावयास बाजारात धावतो. पुष्कळदा दोष तारेचा नसतो, यंत्रांचा नसतो आणि दाखविणाऱ्याचाही नसतो. अशा वेळी पडदा काळा राहावा असे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि ते ठरविताना त्या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणालाही विचारलेले नसते.

जुन्या जोडणीत असला प्रकार नव्हता. पिवळी, पांढरी आणि तांबडी अशा तीन टोकांची केबल दोन पिढ्यांच्या परिचयाची आहे. पिवळ्या टोकातून चित्र जाई, पांढऱ्या व तांबड्यातून डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज. अमेरिकेतील रेडिओ कॉर्पोरेशनने प्रचारात आणलेली ही पिन कालांतराने सगळ्या जगाची झाली. ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळे तशीच तालुक्याच्या बाजारात मिळे, आणि तुटली तर गल्लीतील रेडिओ दुरुस्त करणारा ती सोल्डर करून देई. त्या तारेला काही कळत नव्हते आणि हाच तिचा मोठा गुण होता. एका टोकाला जे घातले ते दुसऱ्या टोकाला बाहेर पडे. यंत्र कोणाचे, तबकडी कोठली, पाहणारा कोण, याची चौकशी ती करीत नसे. फ्रान्समध्ये तर १९८० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या टीव्ही संचांना एकवीस पिनांचे ठरावीक सॉकेट सरकारने सक्तीचे केले होते. त्या सक्तीचे गुणदोष काहीही असोत. सॉकेट कसे असावे हे तेथे कायद्याने ठरले, आणि कायदा बदलून घेण्याचा मार्ग नागरिकाला मोकळा होता.

आजची तार निराळ्या कुळातील आहे. हिताची, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज अशा सात कंपन्यांनी मिळून डिसेंबर २००२ मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. तिला एचडीएमआय असे नाव आहे. तिची उपयुक्तता नाकारण्यात अर्थ नाही. तबकडीवरील मजकूर मुळात आकड्यांच्या रूपात असतो. जुन्या पद्धतीत प्लेअर त्या आकड्यांचे विद्युत्‌लहरींत भाषांतर करी आणि सपाट पडद्याचा टीव्ही त्या लहरींचे पुन्हा आकड्यांत भाषांतर करी. दोनदा भाषांतर झाले की मूळ थोडे तरी हरवावयाचेच. नव्या तारेत आकडे आकडेच राहतात. चित्र आणि आवाज एकाच केबलमधून जातात. तीन रंगांची टोके अदलाबदल होऊन गोंधळ होण्याचा प्रश्न उरत नाही. पहिल्या आराखड्यात तिची वहनक्षमता सेकंदाला सुमारे पाच अब्ज अंक इतकी होती. २०१७ च्या आवृत्तीत ती अठ्ठेचाळीस अब्जांवर गेली. तंत्रज्ञांच्या या कामगिरीबद्दल आदरच बाळगावयास हवा. प्रश्न आहे तो या कामगिरीभोवती घातलेल्या कुंपणाचा.

या केबलच्या टोकाला एकोणीस पिना असतात. मूळ रचनेत त्यांपैकी बारा चित्र, आवाज आणि त्यांचा ताल वाहून नेण्यासाठी आहेत. उरलेल्यांत दोन अशा आहेत की ज्यांवरून दोन यंत्रे एकमेकांशी बोलतात. प्लेअर प्रथम तारेवर पाच व्होल्टचा दाब देतो. टीव्ही एका पिनेवरून 'मी येथे आहे' असे कळवितो. मग प्लेअर टीव्हीची कुंडली वाचतो: पडदा केवढा, कोणत्या दर्जाचे चित्र दाखविता येते, आवाज कोणत्या प्रकारचा चालतो. येथवर सारे रास्त आहे. जोडणीत होणाऱ्या बऱ्याच साध्या अडचणी याच टप्प्यावरच्या असतात आणि त्यांवर उपायही साधे आहेत. केबल प्लेअरच्या 'आउट' लिहिलेल्या सॉकेटमधून टीव्हीच्या 'इन' सॉकेटात गेली आहे ना, आणि टीव्हीच्या रिमोटवरून त्याच क्रमांकाचे सॉकेट निवडले आहे ना, हे आधी पाहावे. दोन्ही यंत्रे बंद करून आधी टीव्ही आणि मग प्लेअर सुरू करावा. प्लेअरच्या यादीत चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणून पाहावा. मधे एखादी जोडपेटी असेल तर ती काढून थेट जोडावे. एवढ्याने निम्मे काळे पडदे उजळतात.

केबलच्या किमतीबद्दलही येथेच सांगणे बरे. दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली, जाड वेष्टणाची, दसपट किमतीची केबल पुढे करतो आणि 'चित्र अधिक स्वच्छ दिसेल' असे सांगतो. आकडे वाहून नेणाऱ्या तारेबाबत हे विधान निराधार आहे. आकडे एक तर पोचतात किंवा पोचत नाहीत. न पोचल्यास पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र तुटते किंवा नाहीसे होते. पोचल्यास साध्या तारेचे चित्र आणि सोनेरी तारेचे चित्र यांत काडीचाही फरक नसतो. दोन-तीन मीटर अंतरासाठी त्या दर्जाची साधी केबल पुरते. सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा मीटर न्यावयाची असेल तेव्हाच अधिक खर्चाला कारण असते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसले तर बाजार आपले काम चोख करीत नाही. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अ‍ॅकरलॉफच्या बाजारात अज्ञानामुळे चांगला माल हटतो. केबलच्या बाजारात अज्ञानामुळे किंमत हीच गुणवत्तेची खूण समजली जाते, एवढाच फरक. असो. सोनेरी केबलने होणारे नुकसान एकदाच होते आणि शहाण्याला ते टाळता येते. पुढचे नुकसान शहाण्यालाही टळत नाही.

कुंडली वाचून झाली की प्लेअर टीव्हीची दुसरी एक तपासणी सुरू करतो. या तपासणीचा चित्राशी किंवा आवाजाशी काहीएक संबंध नाही. इंटेल या कंपनीने तयार केलेली आणि तिच्याच एका उपकंपनीच्या परवान्याने चालणारी ही पद्धत एचडीसीपी या नावाने ओळखली जाते. तिच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक यंत्राच्या पोटात कारखान्यातच चाळीस गुप्त किल्ल्या बसविल्या जातात. प्लेअर आपली ओळखखूण टीव्हीला देतो, टीव्ही आपली प्लेअरला. दुसऱ्याच्या खुणेवरून प्रत्येकाने आपल्या चाळीसांपैकी कोणत्या वीस किल्ल्यांची बेरीज करावयाची हे ठरते. आणि दोघांची बेरीज जुळली तरच चित्र सुटते. पुढेही विश्वास नाहीच: सुमारे दर दोन सेकंदांनी हजेरी घेतली जाते, आणि उत्तर चुकले की चित्र बंद. एखादी ओळखखूण बाद ठरविली गेली तर बाद यंत्रांची यादी नव्या तबकड्यांवरून प्लेअरपर्यंत पोचविण्याची सोयही या पद्धतीत आहे. म्हणजे रोख पैसे देऊन घेतलेले यंत्र उद्या बाद होऊ शकते, आणि ती नोटीस पैसे देऊनच घेतलेल्या तबकडीतून घरात येते! शाळेचा जुना प्रोजेक्टर, गावच्या कारागिराने बनविलेली जोडपेटी, परवाना न घेतलेल्या छोट्या कारखान्याचा पडदा, यांच्याजवळ त्या किल्ल्या नसतात. सभागृहातील काळ्या पडद्याचे रहस्य बहुधा येथे असते. काही प्लेअर तर तबकडी कोणती आहे हेही न पाहता सरसकट कुलूप लावतात. कार्यकर्त्यांनी स्वतः चित्रित केलेली मोर्च्याची फीतसुद्धा मग त्याच पहाऱ्यातून जाते.

हा पहारा कारखानदारांनी का पत्करला, याचे उत्तर दरपत्रकात सापडते. एचडीएमआयचे सॉकेट आपल्या मालावर बसवू इच्छिणाऱ्या मोठ्या कारखानदाराला वर्षाला दहा हजार डॉलर शुल्क द्यावे लागते. शिवाय विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे पंधरा सेंट रॉयल्टी. यंत्रावर आणि जाहिरातीत त्या पद्धतीचे बोधचिन्ह छापले तर रॉयल्टी पाच सेंटांवर येते. त्याखेरीज कुलूपही बसविले तर चार सेंटांवर. कुलूप बसवा असा हुकूम कोठेही नाही; कुलूप बसविणाऱ्याला सवलत आहे. सक्ती न करता सक्ती कशी करावी याचा हा नमुना अर्थशास्त्राच्या वर्गात शिकविण्याजोगा आहे. शिवाय ज्या करारांखाली तबकड्या आणि चित्रपट येतात त्यांतच अशी अट आहे की उच्च दर्जाचे चित्र कुलूपबंद वाटेनेच बाहेर सोडावे. तेव्हा सवलत नको म्हणणाऱ्या कारखानदाराच्या हाती चित्र न दाखविणारा प्लेअर तेवढा राहतो.

लहान कारखानदाराची गत पाहण्यासारखी आहे. वर्षाला दहा लाख यंत्रे विकणाऱ्याच्या बाबतीत दहा हजार डॉलरचे वार्षिक शुल्क प्रत्येक यंत्रामागे एक सेंट पडते. दहा हजार किंवा त्याहून कमी नग बनविणाऱ्यासाठी वेगळा दर आहे, आणि तो पाच हजार डॉलर वार्षिक अधिक प्रत्येक नगामागे एक डॉलर असा आहे. एक हजार नग बनविणाऱ्या कारखान्याचा हिशेब केला तर नगामागे सहा डॉलर होतात. एकाला एक सेंट, दुसऱ्याला सहाशे सेंट. रॉयल्टी आणि कुलपाचे शुल्क यांखेरीजचा हा हिशेब आहे. पुण्या-पिंपरीच्या, नाशिकच्या किंवा कोइमतूरच्या एखाद्या लघुउद्योजकाने शाळांसाठी स्वस्त पडदा किंवा जोडपेटी बनवावयाचे मनात आणले तर दारातच त्याला हा जकातनाका लागतो. जकात सरकारात जमा होत असती तर तिच्यावर विधिमंडळात प्रश्न तरी विचारता आला असता.

या व्यवस्थेत सर्वांत आधी भरडले गेले ते परदेशांतील हौशी आणि सधन ग्राहक, हे नमूद करण्यासारखे आहे. उच्च दर्जाचे चित्र दाखविणारे पहिले महागडे टीव्ही ज्यांनी घेतले त्यांपैकी अनेकांच्या संचांना केवळ जुन्या पद्धतीची, हिरव्या-निळ्या-तांबड्या टोकांची सॉकेटे होती. २००६ साली ब्लू-रे तबकडी आली तेव्हा त्या वाटेनेही उत्तम चित्र दिसत असे. परंतु ब्लू-रेच्या कुलपाची व्यवस्था पाहणाऱ्या आठ कंपन्यांच्या संघाने, ज्यात डिस्ने, वॉर्नर, सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम यांचा समावेश आहे, परवान्यात अशी अट घातली की २०१० च्या अखेरीनंतर तयार होणाऱ्या प्लेअरने जुन्या वाटेने केवळ हलक्या दर्जाचे चित्र द्यावे, आणि २०१३ च्या अखेरीनंतरच्या प्लेअरने या तबकड्यांचे चित्र त्या वाटेने मुळीच देऊ नये. कराराच्या भाषेत याला 'अ‍ॅनालॉग सूर्यास्त' म्हणतात. सूर्य मावळतो तो निसर्गनियमाने. हा सूर्य ठराव करून मावळविण्यात आला. पुढे २०१३ मध्ये कुलपाची नवी आवृत्ती आली. त्याआधी ज्यांनी चौपट स्पष्टतेचे पहिले संच भारी किमतीला घेतले त्यांच्या संचात ती आवृत्ती नव्हती. २०१६ साली त्या स्पष्टतेच्या तबकड्या बाजारात आल्या तेव्हा पडदा समर्थ असूनही या मंडळींना कमी दर्जाच्या चित्रावर समाधान मानावे लागले. श्रीमंतांच्या या दुःखाने कोणी अश्रू ढाळावेत असे नव्हे. पण ज्याच्याजवळ दुसरा संच घेण्याची ऐपत आहे त्याची ही अवस्था, तर देणगीतून एकदाच संच घेणाऱ्या 'ड' वर्गाच्या ग्रामीण वाचनालयाची काय होईल?

इतके करून कुलपाने चोर अडविले काय? २००१ सालीच अमेरिकेतील काही संशोधकांनी निबंध लिहून दाखविले की या पद्धतीचे गणित कच्चे आहे. चाळीसेक यंत्रांच्या किल्ल्या मिळविल्या तर सगळ्यांची मूळ किल्ली काढता येते. त्याच वर्षी नील्स फर्ग्युसन या डच तज्ज्ञाने आपल्यालाही दोष सापडल्याचे जाहीर केले, परंतु अमेरिकेच्या कायद्याच्या भीतीने तो प्रसिद्ध करण्याचे नाकारले. सप्टेंबर २०१० मध्ये मूळ किल्ली कोणीतरी उघड केली आणि ती खरी असल्याचे इंटेलला मान्य करावे लागले. तेव्हापासून कुलूप काढून टाकणाऱ्या छोट्या पेट्या बाजारात हिंडत आहेत. चोरट्या प्रती तर तारेच्या वाटेने जातच नाहीत. त्या तबकडीवरून किंवा त्याही आधीच्या टप्प्यावरून निघतात. ज्याने विकत घेतलेली तबकडी विकत घेतलेल्या यंत्रात घातली त्याचाच पडदा काळा होतो. ज्याने चोरीची प्रत घेतली त्याला कुलपाची गाठच पडत नाही.

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. चित्रपट हा शेकडो लोकांच्या श्रमांतून उभा राहतो. लेखक, छायालेखक, ध्वनिमुद्रक, प्रकाशयोजनेचे कामगार, स्टुडिओतील रोजंदारीवरचे लोक, यांच्या पोटाला चिमटा चोरट्या प्रतींनी बसतो. श्रमांचा मोबदला मागणाऱ्या चळवळीने येथे ग्राहकाच्या बाजूने उभे राहावे हे कसे? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावयासच हवा. स्वामित्वहक्काचा कायदा मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी. परंतु कायदा नक्कल करण्याला शिक्षा करतो. कुलूप पाहण्याला शिक्षा करते. शिवाय कुलपाच्या परवान्याचे पैसे छायालेखकाला मिळत नाहीत, ध्वनिमुद्रकाला मिळत नाहीत. ते परवाना देणाऱ्या कंपनीला मिळतात. कामगाराच्या नावाने उभारलेल्या नाक्यावर वसुली तिसराच करतो. आणि जो माहितीपटकार आपली निर्मिती शाळाशाळांतून, कामगार वस्त्यांतून दाखविली जावी म्हणून धडपडतो, त्याच्या दृष्टीने तर काळा पडदा ही निव्वळ हानी आहे.

कायद्याची बाजू पाहता भारताच्या संसदेने एक शहाणपणाची गोष्ट केली, ही नोंद आवश्यक आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने कुलूप उघडणे हाच, हेतू काहीही असला तरी, प्रायः अपराध ठरविला; सवलती हव्या असतील तर दर तीन वर्षांनी अर्ज करावयाचे. नॉर्वेत एका तरुणाने १९९९ मध्ये डीव्हीडीचे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला म्हणून त्याच्यावर खटला झाला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतः पाहणे हा गुन्हा नव्हे म्हणून २००३ साली तो दोनदा निर्दोष सुटला. भारताने २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात ६५अ हे कलम घातले. त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, पण ती हक्कभंगाच्या हेतूने कुलूप उघडणाऱ्याला. हेतूची ही अट मोलाची आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडता येते, आणि दुसऱ्यासाठी उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची नोंद ठेवावी असे कलम सांगते. लॅमिंग्टन रोडवरील दुकानदार अशी वही ठेवीत असेल अशी कल्पना करणे कठीण आहे. थट्टेचा भाग सोडला तरी उणीव उरतेच: शिक्षकाला, संशोधकाला, अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेला उघडण्याचा अधिकार कायद्याने दिला, परंतु उघडण्याचे साधन पुरविण्याचे बंधन कोणावरही घातले नाही. अधिकार कागदावर आणि किल्ली परदेशी कंपनीच्या कपाटात, अशी ही स्थिती आहे. तबकड्यांवरील प्रदेश-क्रमांकांचेही तेच. अमेरिकेतील मराठी कुटुंबाने प्रेमाने धाडलेली तेथली डीव्हीडी पहिल्या प्रदेशाची, येथला प्लेअर पाचव्या प्रदेशाचा. माल अस्सल, पैसे चुकते, तरी यंत्र नकार देते.

कोणी म्हणेल की तबकड्यांचा जमाना संपत आला, सॅमसंगने २०१९ मध्येच अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणे थांबविले, मग या मढ्याला उपचार कशाला? परंतु इंटरनेटवरून चित्रपट आणणारी पेटीही टीव्हीला जोडली जाते ती याच तारेने, आणि तिलाही हेच कुलूप आहे. तबकडी गेली तरी नाका तेथेच आहे. उलट तबकडी निदान कपाटात राहते. इंटरनेटवरचा चित्रपट मालकाच्या लहरीने एका रात्रीत नाहीसा होतो. म्हणून वाचनालयांनी तबकड्या मोडीत काढण्याची घाई करू नये.

मूळ प्रश्न मापांचा आहे. शेर, पायली, मण यांची मापे गावोगाव वेगळी होती आणि त्या वेगळेपणावर सावकार आणि व्यापारी जगत होते. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि किलोग्रॅम व मीटर सर्व देशाला लागू झाले. मीटरपट्टी बनविणाऱ्या कारखानदाराला मीटरची रॉयल्टी कोणाला द्यावी लागत नाही. विजेच्या तीन गोल पिनांचे माप भारतीय मानकात दिलेले आहे. ते पाळणारा कोणीही प्लग बनवू शकतो. जी गोष्ट प्रत्येक घरात आणि प्रत्येक शाळेत लागते, जिच्यावाचून दुसरी यंत्रे निरुपयोगी होतात, ती गोष्ट शेरापायलीसारखीच सार्वजनिक होय. एचडीएमआयच्या बाबतीत प्रवाह उलटा आहे. २०१७ पासूनच्या आवृत्तीचे तपशील केवळ परवानाधारकांना पाहावयास मिळतात. एएमडी या कंपनीने त्या आवृत्तीसाठी सर्वांना वाचता येईल असा खुला प्रोग्रॅम तयार केला, तेव्हा या तारेचे नियम ठरविणाऱ्या मंचाने २०२४ मध्ये त्याला परवानगी नाकारली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही जेथे नकार मिळतो तेथे खेड्यातील तंत्रज्ञाने काय अपेक्षा धरावी?

हे बदलता येत नाही असे नाही. युरोपीय संघाने २०२२ मध्ये निर्देश काढून मोबाइल फोनसाठी एकाच प्रकारचे चार्जिंगचे सॉकेट सक्तीचे केले आणि २८ डिसेंबर २०२४ पासून ते अमलात आले. जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांनी कुरकुर केली आणि सॉकेट बदलले. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये तेच सॉकेट मानक म्हणून स्वीकारले. मग चित्र नेणाऱ्या तारेबाबत ब्यूरो गप्प का? निदान एवढे तरी व्हावे की टीव्ही, प्लेअर आणि प्रोजेक्टर यांच्या खोक्यावर कुलूप आहे काय, कोणत्या आवृत्तीचे आहे आणि कोणत्या जुन्या सॉकेटांतून चित्र मिळणार नाही, हे वजन व किंमत छापतात तसे ठळक आणि मराठीतही छापले जावे. यंत्र विकल्यानंतर त्याची क्षमता दुरून कमी करणे ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा मानली जावी. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि एक माहितीस्थळ उघडले. त्या चर्चेत किल्लीचा प्रश्न ग्राहक चळवळीने घातला पाहिजे, कारण ज्याची किल्ली परक्या हाती आहे ते यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्याही हाती पूर्णपणे येत नाही.

तोवर स्थानिक पातळीवर करण्यासारखे एक काम आहे. ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये, जिल्हा परिषदांच्या शाळा आणि ग्रामपंचायती दरवर्षी असली यंत्रे विकत घेतात, आणि त्यांच्या समित्यांवर पक्षाचे अनेक कार्यकर्ते आहेत. मागणीपत्रात एक अट त्यांनी घालावी: पुरवठादाराने यंत्र संस्थेच्या सभागृहात आणावे, संस्थेचा आहे तोच पडदा किंवा प्रोजेक्टर आणि संस्थेच्या आहेत त्याच तबकड्या वापरून सर्वांसमोर जोडावे, आणि किमान अर्धा तास चित्र अखंड चालल्यानंतरच त्याचे बिल मंजूर करावे.